प्रश्न दिल्लीचा की पणजीचा?

आरोग्याच्या धोरणाबद्दल सरकारला विचारले आणि उत्तर आले नाही, किंवा 'हा विषय आमच्याकडे येत नाही' एवढेच आले, अशा अर्थाची पत्रे या खेपेला ढीगभर आहेत. बहुतेकांचा प्रश्न रास्त होता, पत्ता तेवढा चुकला होता. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी फाईल कुणाच्या टेबलावर असते ते सांगितले आहे आणि मग विचारायचे कसे ते.

आमच्या इमारतीत दोघांना डेंग्यू झाला. पंचायत म्हणते आरोग्य केंद्रात जा, आरोग्य केंद्र म्हणते कार्यक्रम केंद्र सरकारचा. नक्की जबाबदारी कुणाची? (पर्वरी)

तिघांचीही, पण वेगवेगळ्या कामांची. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, इस्पितळे व दवाखाने' हा विषय राज्यसूचीत 6 व्या क्रमांकावर आहे. म्हणजे इस्पितळात किती खाटा असाव्यात, आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, गटार तुंबले तर कुणी बघायचे, हे पणजीचे प्रश्न. समवर्ती सूचीत मात्र अन्नातील भेसळ (18), औषधे व विषे (19), डॉक्टरी व्यवसाय (26) आणि एका राज्यातला संसर्ग दुसऱ्या राज्यात जाऊ न देणे (29) हे विषय येतात. त्यांवर दोघेही कायदे करू शकतात, आणि दोन कायदे एकमेकांना आडवे आले तर सामान्यतः संसदेचा कायदा टिकतो. बंदरावरचे विलगीकरण पूर्णपणे केंद्राचे.

आता तुमचा डेंग्यू. गच्चीवरच्या उघड्या टाकीत अळ्या असतील तर घरमालकाला नोटीस काढण्याचा अधिकार गोवा सार्वजनिक आरोग्य कायदा 1985 खाली इथल्याच आरोग्य अधिकाऱ्याला आहे. रक्त तपासायचे एलायझा किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होते आणि केंद्राच्या कीटकजन्य रोग कार्यक्रमातून ठरलेल्या इस्पितळांना पोचते. रुग्ण कसा हाताळायचा याच्या मार्गदर्शक सूचनाही त्याच कार्यक्रमाच्या. त्यामुळे टाकीची तक्रार आरोग्य केंद्राकडे लेखी द्या, एक प्रत पंचायत सचिवाला द्या, दोन्ही प्रतींवर आवक शिक्का घ्या. अर्जात घर क्रमांक, टाकी नेमकी कुठे आहे, अळ्या कोणत्या तारखेला दिसल्या हे लिहा आणि फोटो जोडा. 'परिसरात डास फार झाले आहेत' एवढ्याच अर्जावर कर्मचारी येऊन धूर मारून जातो. धुराने उडणारे डास मरतात, टाकीतल्या अळ्या तशाच राहतात. एडिस डासाची अंडी ते डास ही वाटचाल आपल्याकडच्या उष्म्यात आठ-दहा दिवसांत पुरी होते. इतक्या वेळात दिल्लीच्या पत्राला पोचही येत नाही, तेव्हा टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी ठेवण्याचे काम आजच करा.

मुलगा जहाजावर नोकरीला लागतोय. पिवळ्या तापाच्या लशीसाठी गावच्या आरोग्य केंद्रात गेलो, त्यांनी हात वर केले. ही लस राज्य सरकार का देत नाही? (चिंचिणी)

कारण हा विषय राज्याचा नाही. बंदर आणि विमानतळावरचे आरोग्य नियंत्रण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाखालच्या संघटना पाहतात आणि पिवळ्या तापाची लस केंद्राने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते. गोव्यातल्या तारवट्यांसाठी मुरगाव बंदराचे आरोग्य कार्यालय हे ते ठिकाण. आधी फोन करून दिवस ठरवा. लशीची कुपी एकाहून अधिक जणांची असते आणि एकदा फोडली की थोड्याच तासांत संपवावी लागते, म्हणून पुरेशी माणसे जमतील त्याच दिवशी ती उघडतात.

मुलाने मूळ पासपोर्ट न्यावा. लस एकच, अर्ध्या मिलिलिटरची. ती जिवंत विषाणूची असल्यामुळे अंड्याची तीव्र अॅलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे किंवा दुसरी एखादी लस नुकतीच घेतलेली असेल तर आधी सांगावे. दाखला टोचल्यापासून 10 दिवसांनी लागू होतो, म्हणून जहाजावर चढायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. 11 जुलै 2016 पासून हा दाखला जन्मभर चालतो. आधी दहा वर्षांनी पुन्हा टोचावे लागे. एखाद्या एजंटाने जुना दाखला 'संपला' म्हणून नवा काढायला सांगितले तर ही तारीख त्याला दाखवा.

अडचण बहुधा पिवळ्या पुस्तिकेत, म्हणजे लशीच्या दाखल्यात, होते. पासपोर्टवरचे नाव आणि पुस्तिकेतले नाव एका अक्षराने जरी वेगळे असले, लशीचा बॅच क्रमांक राहून गेला, केंद्राचा शिक्का पुसट उमटला किंवा कुठे खाडाखोड झाली, तर परदेशातला आरोग्य अधिकारी दाखला नाकारू शकतो. केंद्रातून बाहेर पडण्याआधीच सगळे ताडून पाहा. पिवळ्या तापाच्या देशातून दाखल्याविना परतणाऱ्याला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात, कारण या रोगाचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, तेवढाच धरला आहे.

आमच्या काजूच्या बागायती सत्तरीत आहेत. माकडतापाची भीती दरवर्षी असते. लस बंद झाली म्हणतात. नवी लस का आणत नाहीत, हे कोणाला विचारायचे? (वाळपई)

या प्रश्नाला एक पत्ता नाही, चार आहेत. पत्रे नेमकी इथेच भरकटतात, म्हणून सविस्तर सांगतो.

माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलाचा रोग. विषाणू 1957 साली शिमोगा जिल्ह्यात सापडला. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसात येतो. 2015 मध्ये सत्तरीत, पाली गावाच्या परिसरात, त्याचे रुग्ण आढळले. जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूच्या मोसमात, जेव्हा माणसे पाल्यापाचोळ्यात बसून बोंडे वेचतात.

जुनी लस बंगळुरूच्या पशुवैद्यक जैविक संस्थेत बनत असे. 6 ते 65 वर्षांच्या माणसांना महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरी, आणि पुढे वर्षाला एक अशी काही वर्षे. टोचताना दुखे, त्यामुळे माणसे दुसऱ्या मात्रेला येत नसत, आणि दोनच मात्रांचे संरक्षण तोकडे पडे. शेवटी तिचा वापर थांबला.

नव्या लशीचा रस्ता असा आहे. पहिला टप्पा संशोधनाचा. तो भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे (आयसीएमआर), आणि आयसीएमआर ज्या विभागाखाली येते तो आरोग्य संशोधन विभाग. हा विभाग आरोग्य मंत्रालयातच असला तरी त्याचा सचिव वेगळा, अंदाजपत्रक वेगळे, माहिती अधिकारी वेगळा. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीबरोबर आयसीएमआरने हे काम हाती घेतले आहे. दुसरा टप्पा परवान्याचा. माणसांवरच्या चाचण्यांना टप्प्याटप्प्याने परवानगी आणि शेवटी विक्रीचा परवाना देणे हे केंद्रीय औषध नियंत्रकाचे काम. तिथे तज्ज्ञ समिती आधी कागद तपासते. तिसरा टप्पा शिफारशीचा. सरकारी लसीकरणात एखादी लस घ्यावी की नाही हे लसीकरणावरचा राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गट सांगतो. 2001 साली नेमलेल्या या गटाची एक स्थायी उपसमिती रोगाचा भार, लशीचा परिणाम आणि खर्च यांचा हिशेब मांडते. चौथा टप्पा खरेदीचा. माकडताप सह्याद्रीच्या काही पट्ट्यांपुरता असल्यामुळे लस सगळ्या देशाला देण्याऐवजी त्या राज्यांनाच मिळेल, आणि त्यासाठी गोवा सरकारने मागणी आणि लाभार्थ्यांचा आकडा पाठवावा लागेल.

वेळ किती लागतो याचा अंदाज रोटाव्हायरसच्या लशीवरून येईल. भारतीय बनावटीच्या रोटाव्हॅकला परवाना मिळाला 2014 च्या जानेवारीत. सरकारी लसीकरणात ती 2016 साली चार राज्यांत आली आणि देशभर पोचायला 2019 उजाडले. परवान्यापासून घरापर्यंत पाच वर्षे, आणि तीही हजारो बालकांचे जीव घेणाऱ्या रोगावरची लस. माकडतापाचे रुग्ण त्या मानाने थोडे, मरणारे गरीब मोलकरी. असा रोग यादीत मागे राहतो, आणि आमच्या मते सत्तरीच्या लोकांनी सतत लेखी विचारत राहण्याचे खरे कारण हेच आहे.

तेव्हा चार वेगळी पत्रे किंवा माहिती अधिकाराचे अर्ज करा. आयसीएमआरला विचारा: लस चाचणीच्या कोणत्या टप्प्यात आहे, कोणत्या तारखेला. औषध नियंत्रकाला: या लशीसंबंधी तज्ज्ञ समितीच्या बैठकांची इतिवृत्ते. केंद्राच्या आरोग्य विभागाला: सल्लागार गटापुढे हा विषय ठेवला का, ठेवला असल्यास टिपणाची प्रत. पणजीतल्या आरोग्य संचालनालयाला: सत्तरीत लस देण्याजोगी माणसे किती धरली आहेत आणि केंद्राला पत्र गेले आहे का. चारही प्रश्न एकाच कागदावर लिहिलेत तर चौघेही 'उरलेला भाग आमचा नाही' म्हणून मोकळे होतील.

दरम्यान बागायतीत जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, उघड्या त्वचेला गोचिडी दूर ठेवणारे डेपा तेल लावावे, घरी येताच कपडे कढत पाण्यात टाकून आंघोळ करावी. मेलेले माकड दिसले तर हात न लावता वन खाते आणि आरोग्य केंद्र दोघांना कळवावे. जंगलात गेल्यानंतर आठवडाभरात एकाएकी कडक ताप, डोके आणि कंबर जबरदस्त दुखणे सुरू झाले तर डॉक्टरला 'मी काजूत जातो' हे पहिल्या वाक्यात सांगावे.

खासदारामार्फत संसदेत प्रश्न विचारता येतो असे ऐकले. आमच्या संस्थेने दोनदा निवेदन दिले, काही झाले नाही. कुठे चुकते? (मडगाव)

निवेदन आणि संसदीय प्रश्न या दोन वेगळ्या वस्तू आहेत. निवेदन खासदाराच्या कार्यालयातून मंत्र्याकडे जाते, मंत्र्याचे 'आपले पत्र मिळाले' येते आणि तिथे थांबते. संसदीय प्रश्नाला मात्र ठरल्या दिवशी मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावेच लागते, आणि ते सर्वांना वाचता येते.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक खासदार. तिघांकडेही जाता येते. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न 150 शब्दांच्या आत हवा. सूचना खूप येतात, म्हणून सोडत निघते. एका दिवशी 20 प्रश्न तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, आणि 230 अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे. राज्यसभेत हेच आकडे 15 आणि 160. उपप्रश्न फक्त तारांकितावर विचारता येतात. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. आरोग्य मंत्रालयाची उत्तरे गेली अनेक वर्षे लोकसभेत शुक्रवारी आणि राज्यसभेत मंगळवारी येतात. म्हणजे अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात मसुदा खासदाराच्या सचिवाच्या हाती पडला पाहिजे. अधिवेशन सुरू झाल्यावर नेलेला कागद पुढच्या अधिवेशनापर्यंत पडून राहतो.

आता मुख्य चूक. 'दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळात डॉक्टर कमी का आहेत' असा प्रश्न मुळात स्वीकारलाच जात नाही, कारण जो विषय प्रामुख्याने राज्याचा आहे त्यावर संसदेत प्रश्न घेत नाहीत. चुकून घेतला गेला तरी उत्तराची पहिली ओळ 'सार्वजनिक आरोग्य व इस्पितळे हा राज्याचा विषय आहे' अशीच येते. तोच प्रश्न केंद्राच्या पैशाच्या बाजूने विचारा: 'राष्ट्रीय आरोग्य अभियानातून गेल्या तीन वर्षांत गोव्याला तज्ज्ञ डॉक्टरांच्या किती पदांना मंजुरी दिली, किती निधी मंजूर झाला, किती सोडला, किती खर्च झाला, वर्षवार तपशील द्यावा.' आता मंत्रालयाला सुटका नाही. उत्तराला बहुतेक वेळा एक परिशिष्ट जोडलेले असते, त्यात राज्यवार तक्ता, आणि त्यात गोव्याची एक ओळ. तुम्हाला हवी ती हीच ओळ. मंजूर आणि खर्च या दोन रकान्यांतला फरक मोठा असेल तर त्या तक्त्याची प्रत आपल्या आमदाराकडे न्या. पुढचा प्रश्न गोवा विधानसभेत विचारायचा आहे.

उत्तरातली दोन वाक्ये ओळखायला शिका. 'ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही' म्हणजे माहिती राज्याकडे आहे, तिकडे माहिती अर्ज करा. 'माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' हे मात्र आश्वासन धरले जाते. त्यासाठी संसदेत आश्वासन समिती असते आणि मंत्रालयाने तीन महिन्यांत ते पुरे करायचे असते. तीन महिने झाले की खासदाराला समितीकडे लिहायला सांगा. ही पायरी जवळजवळ कोणी चढत नाही.

माहिती अधिकारात विचारले, 'कर्करोगाची अमुक औषधे यादीत का नाहीत?' उत्तर आले, 'ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही.' हे टाळणे नव्हे का? (डिचोली)

टाळणे आहे, पण कायद्यात बसणारे. 2005 च्या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे कागदावर, फाईलमध्ये किंवा संगणकात जे आहे ते. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नवे मत बनवून द्यावे अशी सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. म्हणून 'का' विचारू नका, 'का' ज्या कागदावर लिहिले आहे तो कागद मागा. तुमचा अर्ज असा हवा होता:

'राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूची 2022 तयार करताना अमुक औषधाच्या समावेशाबाबत तज्ज्ञ समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, त्यावरील टिपणी पाने, आणि औषध वगळण्याचे नोंदलेले कारण, यांच्या प्रती द्याव्यात.'

फाईलवरची टिपणीही माहितीच आहे, हे लक्षात ठेवा. शिवाय कलम 4(1)(ग) प्रमाणे महत्त्वाचे धोरण ठरवताना किंवा जाहीर करताना संबंधित तथ्ये सरकारने आपणहून प्रसिद्ध करायची आहेत. अर्जात या कलमाचा उल्लेख केला की उत्तर देणारा जपून लिहितो. मंत्रिमंडळाची टिपणे निर्णय होईपर्यंत मिळत नाहीत. निर्णय होऊन विषय संपला की मागता येतात.

शुल्क 10 रुपये, प्रतीचे पानाला 2 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे अर्ज साधारण 500 शब्दांच्या आत असावा. ऑनलाइन अर्जाच्या चौकटीत 3000 अक्षरेच मावतात, जास्त मजकूर पीडीएफ करून जोडावा. उत्तराची मुदत 30 दिवस, जीविताचा प्रश्न असेल तर 48 तास. चुकीच्या केंद्रीय कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. पण केंद्राच्या संकेतस्थळावर गोवा सरकारच्या खात्यासाठी अर्ज केलात तर तो परत येतो आणि 10 रुपयेही जातात. उत्तर न आल्यास किंवा पटले नाही तर 30 दिवसांत पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, त्यानंतर 90 दिवसांत दुसरे अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे. पहिल्या अपिलाला पैसे लागत नाहीत. अर्ज एका विषयाचा ठेवा. तीन विषय घातलेत तर तीन विभागांत फिरून तो महिन्याच्या मुदतीत एकत्र येत नाही.

रक्तदाबाची गोळी महाग झाली. आरोग्यमंत्र्यांना लिहिले होते. (केपे)

औषधाची किंमत आरोग्य मंत्रालय ठरवत नाही. ते काम रसायन व खत मंत्रालयाखालच्या औषध विभागाचे आणि राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचे. अत्यावश्यक सूचीतल्या औषधाची कमाल किंमत अशी काढतात: बाजारात 1 टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडच्या दुकानदाराला पडणाऱ्या भावाची सरासरी, अधिक 16 टक्के दुकानदाराचा नफा. दरवर्षी 1 एप्रिलपासून ती घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे सरकते. सूचीबाहेरच्या औषधाची छापील किंमत कंपनी वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. तुमची गोळी कोणत्या गटातली ते आधी पाहा; मिश्रणातली गोळी, दोन औषधे एकत्र केलेली, पुष्कळदा सूचीबाहेर असते. प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' अॅपवर कमाल किंमत दिसते. छापील किंमत तिच्यापेक्षा जास्त असेल तर पट्टीचा फोटो, बॅच क्रमांक आणि बिल यांसह प्राधिकरणाकडे तक्रार करा. बिलाविना तक्रार उभी राहत नाही.

मी औषध विक्रेता आहे. नियम बदलला की आम्हाला नंतर कळते, मग निरीक्षक नोंदवही मागतो. मसुद्याच्या वेळी मत मांडता येते का? (पणजी)

येते, आणि ऐकलेही जाते, वेळेत आणि नीट मांडले तर. औषध व प्रसाधन कायदा 1940 खालचा नियम बदलण्याआधी मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. हे मसुदे असाधारण राजपत्राच्या भाग 2, विभाग 3, उपविभाग (i) मध्ये येतात आणि त्यावर जीएसआर क्रमांक असतो. हरकतीची मुदत मसुद्यातच लिहिलेली असते, साधारण 30 ते 45 दिवस. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मसुद्यांना बहुधा 60 दिवस मिळतात. विधेयकासाठी 2014 पासून किमान 30 दिवस मसुदा लोकांपुढे ठेवण्याचे केंद्राचे धोरण आहे, पण ते धोरण आहे, कायदा नव्हे, आणि पाळले जातेच असे नाही. विधेयक संसदेच्या आरोग्य स्थायी समितीकडे गेले तर ती समिती वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लेखी निवेदने मागवते. तिचा पत्ता राज्यसभा सचिवालयाचा.

हरकत लिहिताना चार रकाने करा: नियम क्रमांक, मसुद्यातली शब्दरचना, तुम्ही सुचवलेली शब्दरचना, कारण. अनुसूची एच-1 चे, म्हणजे विक्रीची खास नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीचे, उदाहरण घ्या. 1 मार्च 2014 पासून काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि झोपेच्या गोळ्यांसाठी वेगळी नोंदवही आली: डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, प्रमाण, आणि वही तीन वर्षे जपायची. 'हा नियम जाचक आहे' असे लिहिणाऱ्या पत्राला फाईलमध्ये 'सर्वसाधारण विरोध' एवढी एक ओळ मिळते. 'संगणकीय बिलात हीच माहिती असल्यास छापील वही वेगळी नको, नियमात अमुक शब्द घालावेत' असे लिहिणाऱ्या पत्रावर विचार करावा लागतो. एकच मजकूर पाचशे जणांच्या सह्यांनी पाठवला तरी तो एकच मुद्दा धरला जातो. त्यापेक्षा पेडण्याचा, काणकोणचा, पणजीचा अशा तीन दुकानांचा रोजचा हिशेब जोडा.

अधिसूचना निघाली म्हणजे सगळे संपले असेही नसते. तंबाखूच्या पाकिटावर 85 टक्के भागावर चित्रमय इशारा छापण्याची अधिसूचना ऑक्टोबर 2014 मध्ये निघाली, 1 एप्रिल 2015 पासून लागू व्हायची होती. लोकसभेच्या एका समितीने ती थांबवायला सुचवले आणि प्रत्यक्षात 1 एप्रिल 2016 उजाडला. त्या वर्षभरात तंबाखू उद्योग समितीपुढे आपले म्हणणे मांडत होता. आरोग्याच्या बाजूच्या माणसांनीही तेवढ्याच चिकाटीने लिहीत राहावे लागते.

केंद्राच्या तक्रार संकेतस्थळावर सूचना टाकली. 'निकाली' असा शेरा आला. (म्हापसा)

त्या संकेतस्थळाच्या नियमांत 'सूचना' हा प्रकारच तक्रार धरत नाहीत. माहिती अधिकाराचे आणि न्यायप्रविष्ट विषयही तिथे चालत नाहीत. तुमच्यावर झालेला नेमका परिणाम, तारीख आणि कोणते काम व्हायला हवे हे लिहा. 2024 पासून मुदत 21 दिवसांची आहे, आणि शेरा पटला नाही तर 30 दिवसांत अपील करता येते.

आमच्या भागाला आरोग्य उपकेंद्र हवे. दिल्लीला सह्यांचे निवेदन पाठवू का? (नेत्रावळी)

आधी पाठवू नका. उपकेंद्राचा निकष सपाटीवर 5000 लोकसंख्येला एक, डोंगराळ व आदिवासी भागात 3000 ला एक असा आहे. सांग्यासारख्या भागासाठी दुसरा आकडा धरायचा, हे अर्जात स्पष्ट लिहा. पुष्कळदा पहिलाच आकडा लावून मागणी फेटाळली जाते. वाडे, प्रत्येकाची लोकसंख्या, जवळच्या उपकेंद्रापर्यंतचे अंतर आणि पावसाळ्यात बंद पडणारा रस्ता यांचा तक्ता करा.

केंद्र स्वतःहून गावाला उपकेंद्र देत नाही. राज्य राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा पाठवते, दिल्लीत त्यावर बैठक होते, आणि काय मंजूर झाले त्याचे इतिवृत्त निघून ते अभियानाच्या संकेतस्थळावर टाकतात. राज्याच्या आराखड्यात नाव नसेल तर दिल्लीतला अधिकारी मनात असूनही काही देऊ शकत नाही. 2022-24 पासून आराखडा दोन-दोन वर्षांचा झाला आहे, म्हणजे एक संधी हुकली की थांबणेही लांबते. खर्चात गोव्याचा वाटा 40 टक्के, केंद्राचा 60.

म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या, तक्ता जोडा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत आरोग्य संचालनालयाकडे आणि राज्य अभियानाच्या कार्यालयाकडे पाठवा. आराखडा हिवाळ्यात बनतो, तेव्हा ठराव दिवाळीच्या आसपास पणजीत पोचलेला बरा. मार्चनंतर मंजुरीचे इतिवृत्त उघडून सांगे तालुका शोधा. नाव असेल तर जागेचा दाखला लगेच हाताशी ठेवा, कारण जमिनीचा कागद नाही म्हणून मंजूर पैसा पडून राहतो आणि खर्च न दाखवता आल्याने पुढचा हप्ता अडतो. नाव नसेल तर प्रस्ताव कोणत्या पातळीवर गळला, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलावर, संचालनालयात की दिल्लीत, एवढेच माहिती अधिकारात विचारा.